मिशिगनची विजय-मिरवणूक पहिल्यांदाच बघायला निघालात?

८ जानेवारी २०२४, सोमवारची रात्र. ह्यूस्टनमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवलं आणि पंधरापैकी पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पाच दिवसांनी, शनिवारी १३ तारखेला, विद्यापीठाच्या गावात, ॲन आर्बरमध्ये, संघाची मिरवणूक निघाली. आम्हाला या गावात येऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. टचडाउनचे सहा गुण असतात, एवढंच काय ते मला ठाऊक होतं. तरी आम्ही गेलो, आणि परत येताना बायको म्हणाली, "आता हे आपलं गाव झालं."

तेव्हापासून इथे नव्याने आलेली मराठी मंडळी मला हेच विचारतात, की असा सोहळा असला तर जायचं कसं, उभं कुठे राहायचं, लहान मुलांना न्यावं का. एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरण मिशिगनचं आहे, पण अथेन्स (जॉर्जिया), कोलंबस (ओहायो) किंवा बॅटन रूजला (लुइझियाना) शिकायला गेलेल्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी, जायचं कशासाठी

टीव्हीवर सगळं दिसतंच, मग थंडीत कशाला कुडकुडायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे खेळाडू विद्यार्थी असतात, वीस-बावीस वर्षांची मुलं. मोसम संपला की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. त्या वर्षी मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिवशी क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थीने व्यावसायिक लीगमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. महिना संपायच्या आत प्रशिक्षक जिम हार्बॉ लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले. अंतिम सामन्यात दोन टचडाउन करणारा ब्लेक कोरम वसंतात व्यावसायिक संघात निवडला गेला. म्हणजे तो अख्खा संघ आपल्या गावाच्या रस्त्यावर एकत्र दिसला तो त्या संध्याकाळी, शेवटचा. विजयाच्या मिरवणुकीत निरोपही असतो. रस्त्याकडेला उभे असलेले सत्तरीचे आजोबा डोळे का पुसत होते, ते मला नंतर कळलं.

पहिली पायरी : तारीख आणि मार्ग

अंतिम सामना जानेवारीत, बहुधा सोमवारी रात्री असतो. सोहळा त्याच आठवड्याच्या शेवटी होतो. मिशिगनचा शनिवारी झाला. जॉर्जियाचा २०२२ आणि २०२३ मध्ये, दोन्ही वेळा, शनिवारीच. ओहायो स्टेटचा २०२५ मध्ये रविवारी, २६ जानेवारीला. म्हणजे संघ सोमवारी जिंकला की येणारा शनिवार-रविवार मोकळा ठेवा, किराणा शुक्रवारीच आणून टाका. घोषणा दोन-तीन दिवस आधीच येते. ती विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर आणि शहराच्या पानावर बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नकाशावर विसंबू नका. आमच्या गटात त्या आठवड्यात तीन वेगवेगळे मार्ग फिरत होते, त्यातले दोन चुकीचे निघाले.

घोषणेत दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचा : मिरवणूक आणि सभागृहातला कार्यक्रम. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक घेऊन आलेल्या आपल्या संघाची मुंबईत नरिमन पॉइंटवरून बस निघाली आणि मग वानखेडेवर सत्कार झाला, ते आठवा. इथली रचना तशीच होती. संध्याकाळी पाचला मिरवणूक, सगळ्यांना खुली, फुकट. रात्री आठला क्रिसलर सेंटरमध्ये कार्यक्रम, त्याला तिकीट, आणि ती तिकिटं हातोहात संपली. दरवेळी असंच होईल असं मात्र नाही. कोलंबसला २०२५ मध्ये मिरवणूक निघालीच नाही, सगळा सोहळा भर दुपारी स्टेडियममध्ये झाला.

एकच निवडायचं असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने मिरवणूक निवडावी. आत भाषणं असतात, पडद्यावर चित्रफिती असतात. बाहेर तुमच्यात आणि खेळाडूंत फक्त एक लोखंडी कठडा असतो.

दुसरी पायरी : जागा

यावर जरा वेळ घालवतो, कारण सगळा दिवस यावर ठरतो.

त्या वर्षी मिरवणूक साउथ युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवरच्या प्रेसिडेंट्स हाउसपासून निघाली. हे पांढरं घर १८४० चं, कॅम्पसवरची सर्वांत जुनी वास्तू. तिथून पश्चिमेला मिशिगन युनियन या विद्यार्थ्यांच्या इमारतीसमोर येऊन डावीकडे वळायचं, मग स्टेट स्ट्रीटने दक्षिणेला सरळ थेट फुटबॉल संघाच्या शेम्बेकलर हॉलपर्यंत. साधारण मैलभराचा रस्ता.

लोक आपसूक सुरुवातीच्या ठिकाणी जमतात. तिथे जाऊ नका. तिथे विद्यार्थ्यांची गर्दी दाट असते, उंच मुलांच्या पाठी बघत उभं राहावं लागतं. वळणाची जागा, म्हणजे युनियनच्या पायऱ्या, सर्वांत छान दिसते, कारण वळताना गाड्या हळू होतात. पण तिथे तीन तास आधी पोचण्याची तयारी हवी. (याच पायऱ्यांवर १४ ऑक्टोबर १९६० च्या रात्री दोन वाजता जॉन केनेडींनी विद्यार्थ्यांपुढे भाषण केलं होतं, त्यातून पुढे पीस कोअर ही परदेशी जाणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली. वाट बघताना तिथली पाटी वाचा.) मुलं बरोबर असतील तर माझी शिफारस स्टेट स्ट्रीटचा मधला टप्पा, हिल स्ट्रीटच्या पुढे, योस्ट आइस अरेनाच्या अलीकडे. रस्ता सरळ आहे, लांबून येणाऱ्या गाड्या दिसतात आणि तास-दीड तास आधी गेलात तरी कठड्याला जागा मिळते.

दोन गोष्टी आणखी बघा. जानेवारीच्या मध्यावर इथे सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. पाचची मिरवणूक तुमच्यापुढे येईपर्यंत अंधारून येतं, म्हणून दिव्याच्या खांबाजवळ उभे राहा. नाहीतर फोटोत निळ्या सावल्या तेवढ्या येतील. आणि मागे गल्ली किंवा मोकळी जागा असलेली जागा निवडा, म्हणजे मूल रडायला लागलं किंवा गर्दी रेटायला लागली तर मागच्या मागे निघता येतं.

गर्दीबद्दल हे गंभीरपणे सांगतो. ४ जून २०२५ ला बेंगळुरूमध्ये चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. ती माणसं आनंद साजरा करायलाच आली होती. आत जाण्याचा पास नसेल तर स्टेडियमच्या दाराशी "बघू, सोडतात का" म्हणून कधीही जाऊ नका. दोन्ही बाजूंनी अंग दाबलं जायला लागलं की फोन खिशात टाका, हात छातीपुढे घ्या, तिरकं चालत कडेला या. मुलाला खांद्यावर उचलून घ्या. मिरवणूक हुकली तरी चालेल.

आणि विजयाच्या रात्री, म्हणजे सोमवारीच, साउथ युनिव्हर्सिटीवर विद्यार्थी लोटतात, तो वेगळा प्रकार आहे. तो उत्स्फूर्त असतो, त्याला मार्ग नाही, कठडे नाहीत. लेकुरवाळ्या माणसाने तो खिडकीतून ऐकावा.

तिसरी पायरी : जायचं कसं

गाडी मार्गाजवळ नेऊ नका. दुपारपासूनच रस्ते बंद होतात आणि मार्गावर उभ्या केलेल्या गाड्या उचलून नेतात. बस सर्वांत सोयीची. 'द राइड'च्या बसने डाउनटाउनच्या ब्लेक ट्रान्झिट सेंटरला उतरायचं, तिथून युनियन चालत पंधरा मिनिटांवर. त्या दिवशी काही बसचे मार्ग बदलतात, शनिवारी फेऱ्याही कमी असतात, म्हणून परतीची शेवटची बस किती वाजता ते आधीच बघून ठेवा. कँटन, नोव्हाय, ट्रॉयकडून येणाऱ्यांनी गाडी डाउनटाउनच्या उत्तरेकडच्या पार्किंग इमारतीत लावावी आणि चालत यावं. दक्षिणेला, स्टेडियमच्या बाजूला लावलेली गाडी रात्री नऊपर्यंत हलत नाही.

चौथी पायरी : थंडी

आपली खरी परीक्षा इथे आहे. त्या शनिवारी रस्त्याच्या कडेला बर्फ साचला होता आणि वारा बोचरा होता. ऑफिसला जाताना गाडीतून उतरून दारापर्यंत जायची थंडी वेगळी आणि दीड तास एका जागी उभं राहायची थंडी वेगळी. चालताना अंग गरम राहतं. उभ्या माणसाला थंडी तळव्यांतून वर चढते.

मी त्या दिवशी रोजचे कॅनव्हासचे बूट घालून गेलो होतो. चाळीस मिनिटांत बोटं बधिर झाली. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं, काही न बोलता त्यांच्या पायाखालचा पुठ्ठा फाडला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला. पिझ्झाच्या खोक्याचा साधा पुठ्ठा. त्यावर उभं राहिल्यावर पाचेक मिनिटांत फरक कळला. गार काँक्रीट आणि बूट यांच्यामध्ये काहीतरी असलं पाहिजे, बस्स. तेव्हापासून बाहेर उभं राहायचं असलं की मी घरून पुठ्ठा घेऊन निघतो. सगळ्यांसाठी घ्या, शेजाऱ्यासाठी एक जास्तीचा घ्या.

बाकी : आतून थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं जॅकेट. सुती मोजे नकोत, घाम धरून ते गार पडतात, लोकरीचे घाला. हातमोज्यांत ठेवायची हँडवॉर्मरची पाकिटं औषधांच्या कुठल्याही दुकानात मिळतात, निघायच्या दहा मिनिटं आधी फोडा. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्या बुटांखाली लावायचे रबरी काटे आणा. बर्फावर घसरून मनगट मोडण्यापेक्षा ते दहा-पंधरा डॉलर केव्हाही परवडले. स्ट्रॉलर बर्फात रुततो. इथले लोक लहान मुलांना प्लॅस्टिकच्या घसरगाडीत बसवून दोरीने ओढत आणतात, आणि मूल त्यात ब्लँकेट पांघरून मजेत बसतं. फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. गारठ्यात चाळीस टक्के बॅटरी दाखवणारा फोनही पटकन बंद पडतो.

पाचवी पायरी : कपड्यांचा रंग आणि चार शब्द

इथले रंग मक्याचा पिवळा आणि गडद निळा. अंगावर यातलं काही असलं तर उत्तम. नवीन जर्सी विकत घेण्याची गरज नाही, पिवळा मफलर पुरतो. माझ्या बायकोने हळदी रंगाची ओढणी जॅकेटवरून गुंडाळली होती आणि तीन अनोळखी बायकांनी तिला "कुठून आणली?" म्हणून विचारलं. लाल मात्र नको. लाल-करडा हा ओहायो स्टेटचा रंग, आणि ते वैर शंभर वर्षांहून जुनं आहे. हिरवा-पांढराही टाळा, तो मिशिगन स्टेटचा. कोणी भांडणार नाही, पण गणपतीच्या मिरवणुकीत दुसऱ्या मंडळाचा टीशर्ट घालून नाचल्यासारखं वाटेल.

"गो ब्लू" ही इथली आरोळी आणि इथला रामरामही. कोणी म्हटलं की उलट "गो ब्लू" म्हणायचं, बास. बँडने विद्यापीठाचं विजयगीत सुरू केलं की टाळ्यांचा ठेका धरा आणि "हेल" हा शब्द आला की मूठ वर करा. शेजाऱ्याकडे बघून दुसऱ्या फेरीत जमतं. हे गीत १८९८ चं आहे. मिशिगनने शिकागोला एका गुणाने हरवलं, त्या आनंदात लुई एल्बेल नावाच्या विद्यार्थ्याने ते रचलं. सव्वाशे वर्षांनी तेच सूर तुमच्या मुलीच्या तोंडी येतात, याचं मला फार अप्रूप आहे.

खेळ कळत नसला तरी जाण्यापूर्वी पाच-सहा नावं पाठ करा. त्या वर्षी मॅकार्थी आणि कोरम होते. डॉनोव्हन एडवर्ड्स होता, ज्याने अंतिम सामन्याच्या पहिल्याच टप्प्यात दोन लांब धावा काढून टचडाउन केले. माइक सेनरिस्टिल होता, ज्याने प्रतिस्पर्ध्याचा चेंडू मधेच पकडून ८१ यार्ड पळवला. गाडी समोरून जाताना नुसतं ओरडण्यापेक्षा नावाने हाक मारली की खेळाडू मान वळवून बघतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीने "माइक!" म्हणून जी हाक मारली, त्यावर त्याने सरळ तिच्याकडे बोट दाखवून हात हलवला. ती अजून सांगते.

सहावी पायरी : खाऊ, पाणी, शौचालय

थर्मासमध्ये चहा न्या. रस्त्यावर उघडी दारू घेऊन उभं राहायला बंदी आहे, ते लक्षात असू द्या. शौचालयाला जायचं तर ठाण मांडण्यापूर्वीच युनियनमध्ये किंवा मार्गावरच्या एखाद्या कॉफीच्या दुकानात जाऊन या. नंतर जागा सोडवत नाही.

त्या वर्षी संक्रांत दोनच दिवसांवर होती. आईच्या पद्धतीने केलेले तिळाचे लाडू डब्यात होते. थंडीत उभं राहायला तीळ-गुळासारखं दुसरं काही नाही. हातमोजे न काढता तोंडात टाकता येतो, लगेच ऊब येते. पुठ्ठा देणाऱ्या बाईंना लाडू द्यायला मी डबा उघडला आणि मग थांबलो. इथे तीळ आणि शेंगदाणा दोन्हींची ॲलर्जी पुष्कळांना असते; २०२३ पासून तर अमेरिकेत पाकिटांवर तीळ नोंदवणं सक्तीचं झालं आहे. म्हणून आधी विचारायचं, मग द्यायचं. मी विचारलं, त्या "चालतं" म्हणाल्या. त्यांनी एक खाल्ला, एक नवऱ्याला दिला आणि मला हँडवॉर्मरची दोन पाकिटं दिली. गोड बोलायला काही सांगावंच लागलं नाही.

सातवी पायरी : मिरवणूक येते तेव्हा

आपल्याला पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीची सवय. मानाचे गणपती लक्ष्मी रोडवरून तासन्‌तास सरकतात, पथक चौकाचौकात थांबून वाजवतं. इथे तसं नसतं. पोलिसांच्या गाड्यांचे दिवे दिसले की समजायचं आली, आणि मग सगळं काही मिनिटांत पुढून निघून जातं. थांबत नाही. म्हणून पहिला दिवा दिसताच थर्मास बंद, मोबाइल तयार, मूल खांद्यावर. फोटो दोन-तीनच काढा आणि मग फोन खाली घ्या. मी पहिली पाच मिनिटं पडद्यातूनच बघितली, हार्बॉ समोरून गेले तेही पडद्यातूनच, याची चुटपुट अजून आहे.

कठड्यावर चढू नका, गाडीकडे काही फेकू नका, सही घ्यायला रस्त्यावर उतरू नका. दिव्याच्या खांबावर चढलेली पोरं दिसतील. तुमच्या पोराला ते दाखवून "असं नाही करायचं" म्हणा.

क्रिसलरचं तिकीट असेल तर

क्रिसलर योस्टच्या पलीकडे, स्टेडियमला लागून आहे. (फ्रिट्झ क्रिसलर हे जुने प्रशिक्षक, १९३८ मध्ये त्यांनीच मिशिगनच्या हेल्मेटवर ती पंखांसारखी पिवळी नक्षी आणली.) तिकीट फोनवर असतं, ते दाराशी नेटवर्क शोधत बसण्यापेक्षा घरीच वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. पिशवी नेऊच नका. थर्मास, डबा, पुठ्ठा सगळं गाडीत. दोघांपैकी एकाने मुलांना घेऊन घरी जायचं आणि एकाने आत, असं ठरलं तर भेटायची जागा आधी ठरवा, कारण हजारो लोक एकाच वेळी फोन लावत असतात आणि लागत नाहीत.

परतीला

शेवटची पोलिसांची गाडी गेली की लगेच पळू नका. अर्धा तास तिथेच घुटमळा. कठडे हलतात, लोक रस्त्यावर उतरतात, बँडमधली मुलं वाद्यं काखेत घेऊन गप्पा मारत उभी असतात, त्यांच्याबरोबर फोटो काढायला कोणी नाही म्हणत नाही. आम्ही त्या रात्री रिकाम्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध उत्तरेकडे चालत आलो. मुलगी डायगवरच्या, म्हणजे कॅम्पसच्या मधल्या चौकातल्या, जमिनीत बसवलेल्या पितळी 'एम'वरून उडी मारणार होती, तर मागून कोणीतरी हसत ओरडलं, "थांब, पहिली परीक्षा झाल्याशिवाय त्यावर पाय द्यायचा नाही!" ती वळसा घालून गेली. अजून वळसाच घालते.

घरी पोचल्यावर आधी मुलांचे मोजे काढा, पाय कोमट पाण्यात बुडवा, कढत पाण्यात नको. ओले बूट हीटरच्या तोंडाशी ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दाराजवळ सुकू द्या. पुठ्ठा मात्र जपून ठेवा.